चालत नसलेली सुरी

लालबर्ऱ्याची बस सुटायची होती. पुढच्या सीटवरच्या महेंद्रनं भंगारातली चौकोनी सुरी बायकोसमोर धरली, तसे मागे बसलेल्या अनोळखी गोदाबाईनं कान टवकारले.

"राखी, पता लागला. जपानी हाय, भाजी चिरायची."

"मंग तुमच्यानं खिरा तिरपा काहून कटते?"

"तेच तं सांगून राह्यलो. हिले एकाच बाजूनं धार रायते. मोबाइलमध्ये पायल्या त्या साऱ्यांची उजवीकडं हाय. हिची पाह्य."

"डावीकडं."

"डावखुऱ्यासाठी बनवली. अशी भेटतच नाही म्हणतात."

"म्हंजे माह्यासारख्यासाठी?"

"हौ."

"लहानपणी आईनं हा डावा हात बांधून ठेवला होता माहा. अन् आता तुमची आई बी टोकते..."

गोदाबाईनं थैलीतली काकडी पुढं केली. "घे बाई, चीर."

राखीनं सवयीनं उजवा हात पुढं केला.

"तो नाही," महेंद्र म्हणाला.

तिनं सुरी डाव्या हातात घेतली. डब्याच्या झाकणावर पातळ, सरळ चकत्या पडत गेल्या.

"आता घरी बी अशीच चिरजो," महेंद्र म्हणाला.

"सासूबाईसमोर?"

"तिच्यासमोरच."

"मले दे एक चकती," गोदाबाई म्हणाली, आणि तिनं डावा हात पुढं केला.