सात सेकंदांची दुःखी बाई

(वृत्तवाहिनीच्या तळमजल्यावरची टेपांची खोली. ती सांभाळणाऱ्याला सगळे टेपकाका म्हणतात. समोर अर्ज घेऊन बसलेली बाई व्हिडिओ-कलाकार आहे.)

व्हिडिओवाली : पण मी दुःखी नव्हतेच, काका! डोळ्यांवर ऊन येत होतं.

टेपकाका : असेल. नोंदीत मात्र तसंच आहे. ‘तृतीयपंथी, रस्त्यावरून जाताना, दुःखी. सात सेकंद.’ ताई, आमच्याकडची सगळ्यात चालणारी क्लिप आहे ही. अकरा वर्षांत त्रेसष्ट वेळा दाखवली.

व्हिडिओवाली : माहितीये. कोर्टाचा निकाल लागला की मी. जनगणना आली की मी. कुठल्या तरी गावात सोन्याचं दुकान फुटलं, तिथेही मीच! तेव्हा मी कॉलेजात एडिटिंग शिकवत होते. पोरांनी भर वर्गात मोबाइलवर बघितलं, आणि मग माझ्याकडे बघितलं.

टेपकाका : खाली ‘संग्रहित दृश्य’ लिहिलं होतं.

व्हिडिओवाली : मुंगीएवढ्या अक्षरांत! आणि उष्माघाताच्या बातमीत मी कशी आले?

टेपकाका : कपाळाला हात लावलाय ना तुम्ही. फार स्वाभाविक आलाय तो.

व्हिडिओवाली : ती क्लिप घेतली त्या दिवशी माझ्या व्हिडिओंचं प्रदर्शन होतं. बातम्यांत आमच्यासारख्या माणसांना कसं दाखवतात, त्याच्यावर! चाळीस मिनिटं मुलाखत दिली मी. आणि तुम्ही दाखवलं काय, तर मी ट्रायपॉड घेऊन घरी चाललेय.

टेपकाका : ट्रायपॉड दिसत नाही. तो कापलाय.

व्हिडिओवाली : तेच म्हणतेय मी!

टेपकाका : बरं, अर्जाचं बोलू. सात सेकंद आत्ता काढून देतो, चहा येईपर्यंत.

व्हिडिओवाली : ते सात सेकंद तोंडपाठ आहेत मला. नव्या कामासाठी उरलेली टेप हवीय. तिच्यात बाबा बोललेत. माझ्याबद्दल असे एकदाच बोलले जन्मात, आणि तेही तुमच्या वार्ताहराशी. मी विचारलं तर म्हणाले, ‘दाखवतील तेव्हा बघ.’ मग आठवडाभर इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीपुढे बसायचे, जसं काही तिकडच्यांनाही ते दिसणार होते.

टेपकाका : आता कसे आहेत?

व्हिडिओवाली : गेले. मार्चमध्ये.

टेपकाका : अरेरे. ताई, न वापरलेला भाग दोन वर्षांनी पुसायचा, असा नियम आहे.

व्हिडिओवाली : पुसला?

टेपकाका : वेळेवर.

व्हिडिओवाली : कोणी?

टेपकाका : इथे दुसरं कोण बसतं?

व्हिडिओवाली : धन्य आहे तुमची! माझं कपाळ अकरा वर्षं जपून ठेवलंत, आणि माझा बाप पुसून टाकलात?

टेपकाका : ओरडू नका, वर बातम्या चालू आहेत. आणि मी डोळे मिटून पुसत नाही. आधी पूर्ण बघायचं, मगच पुसायचं, तोही नियम आहे. निळा शर्ट होता त्यांचा. ‘सुरू झालं का?’ असं तीनदा विचारलं त्यांनी.

व्हिडिओवाली : तुम्हाला आठवतंय?

टेपकाका : चौतीस वर्षं इथे रडणारे आईबाप बघतोय. न रडणारा लक्षात राहतो.

व्हिडिओवाली : थांबा. हलू नका. कॅमेरा लावते.

टेपकाका : माझ्यावर? अहो, दाढी तरी करून येतो...

व्हिडिओवाली : राहू द्या दाढी. हं, बोला.

टेपकाका : वार्ताहर बाईंनी विचारलं, ‘मुलीचं कळलं तेव्हा रडलात?’ म्हणाले, ‘रडलो ना. तिनं हॉलमधला बल्ब काढून कसला तरी जांभळा दिवा लावला. महिनाभर पेपर वाचता येईना.’ मग, ‘लोक काय म्हणतात?’ म्हणाले, ‘लोक विचारतात, तुमची मुलगी जेवायच्या वेळी कधी घरी असते का? मीही तेच विचारतो.’ बाई वैतागल्या. त्यांना हवं तसलं काही मिळेना.

व्हिडिओवाली : मला बाहेर काढलं होतं. वडील मोकळेपणानं बोलतील म्हणून.

टेपकाका : अहो, मोकळेपणानंच बोलत होते. शेवटी बाई म्हणाल्या, ‘कॅमेऱ्यात बघून मुलीला काही सांगा.’

व्हिडिओवाली : काय म्हणाले?

टेपकाका : म्हणाले, ‘सांगायचंय. पण ती बाहेर उभी आहे ना? तिला आत बोलवा. कॅमेऱ्याला काय सांगू?’

व्हिडिओवाली : मग?

टेपकाका : मग काय? कोणी बोलावलं नाही. बाईंनी घड्याळ बघितलं. तुमच्या बाबांनी कॉलरचा माइक स्वतःच काढला, वायर नीट गुंडाळली आणि बाईंच्या हातात दिली. टेप संपली.

(व्हिडिओवाली कॅमेऱ्यामागून उठून काकांच्या समोर येऊन बसते.)

टेपकाका : झालं का तुमचं रेकॉर्डिंग?

व्हिडिओवाली : नाही. तेवढं शेवटचं पुन्हा सांगा, काका. आणि कॅमेऱ्याकडे नको, माझ्याकडे बघून सांगा.