चार फूट दोन इंच

नाव: ठाण्याच्या वहीत लिहून दिल्याप्रमाणे. ओळख: मोजणीदार. वय: ७१ वर्षे. धंदा: पूर्वी जमीन मोजणी, आता सेवानिवृत्त. राहणार: सध्या किनाऱ्यावरचं रिसॉर्ट, मुख्य इमारत, दुसरा मजला, खोली क्रमांक २०६.

मी आज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी पोलीस ठाण्यात हजर झालो. स्वतःहून आलो नाही, जावयानं आणलं. तरी पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या धाकाशिवाय समक्ष सांगतो की, वरील खोलीत मी व माझी पत्नी असे दोघे पाच दिवसांपासून राहत आहोत. शेजारच्या २०७ मध्ये मुलगी व जावई आहेत. लिफ्ट बंद आहे. जिन्याला चव्वेचाळीस पायऱ्या आहेत. मी दर वेळी दोन ठिकाणी थांबून त्या मोजतो, सवय आहे.

रिसॉर्टवर आल्याबरोबर प्रत्येकाच्या मनगटाला एक निळी पट्टी बांधली जाते. पट्टी दाखवली की जेवण, पट्टी दाखवली की टॉवेल, पट्टी दाखवली की समुद्राखालची सफर. सगळं त्यातच आलं. जावईबापू पट्टीला पुरून उरणारे गृहस्थ आहेत. आइस्क्रीमच्या काउंटरवरचा माणूस त्यांना लांबून बघूनच चमचा धुवायला घेतो. ते स्वतःला पट्टीचे पोहणारे म्हणवतात. मनगटाला पट्टी आहे, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो.

परवा दुपारी जेवताना त्यांनी जाहीर केलं की उद्या सकाळी आपण सगळे पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी जाणार. मुलगी म्हणाली, “मी नाही बाई, माझी मालिशची वेळ घेतलीय.” माझी पत्नी “बरं” म्हणाली, आणि तिथंच मी हातातला घास खाली ठेवला. कारण आमची ही पाण्याला घाबरते. डोक्यावरून तांब्या ओतून घेतानाही डोळे घट्ट मिटते. पण जावई बोलले की नाही म्हणायचं नाही, असा तिचा नियम आहे; सेहेचाळीस वर्षांच्या संसारात बाकी सगळे मोडले, हा एक मोडलेला नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी पाच चाळीसला मी एकटा डुबकी शिकवणाऱ्याच्या शेडमध्ये गेलो. त्याला रिसॉर्टवर सगळे मास्तर म्हणतात. वय पस्तिशीचं, अंगकाठी सडपातळ, नाकावरचं कातडं उन्हानं सोललेलं. तो रबरी पोशाख गोड्या पाण्यात बुचकळत होता. मी त्याला म्हणालो, “मास्तर, उद्या आमच्या मंडळींना खोल नेऊ नका. पण उथळ नेलंय हे तिला कळता कामा नये. तिला वाटलं पाहिजे की आपण तळ गाठला.”

तो हसायला लागला. हसता हसता त्याच्या हातातला पोशाख टबात पडला. मला वाटलं, माणूस हसतमुख आहे. मी म्हणालो, “हसू नका, शब्द द्या. तिलाच काय, कोणालाही सांगायचं नाही.” तो म्हणाला, “दिला काका शब्द. कोणी कितीही विचारलं तरी नाही सांगणार.” मी निघालो तर पाठीमागे पुन्हा हसू ऐकू आलं.

बायकोला मी यातलं काही बोललो नाही. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. ही माहिती मी ठामपणे देत आहे, कृपया लिहून घ्यावी.

काल सकाळी दहा वाजता मी, पत्नी, जावई व मास्तर असे चौघे पिवळ्या बोटीतून निघालो. बोट पंचवीस मिनिटं चालली. मी आयुष्यभर दिशा बघूनच जेवलो आहे, त्यामुळे ऊन आधी डाव्या गालावर होतं, मग मानेवर, मग उजव्या गालावर, मग परत डाव्या गालावर आलं, हे माझ्या लक्षात आलं. बोट खडकांना वळसा घालून रिसॉर्टच्याच पाठीमागं आली होती. जावईबापू त्या वेळी मोबाइलकडे बघून सांगत होते, “बाबा, आता आपण भर समुद्रात आहोत.” मी मान डोलावली.

मास्तरच्या मनगटावर पाण्याची खोली दाखवणारं घड्याळ होतं. मी मागितलं. तो म्हणाला, “ते बिघडलंय, काका.” मी पुन्हा मान डोलावली.

बोट थांबली तिथं जेमतेम पुरुषभर पाणी असावं. तोंडात हवेची नळी, डोळ्यांवर काच, पायात रबरी पंजे आणि कमरेला शिशाचा पट्टा, अशा थाटात आम्ही शिडीनं उतरलो. तळाला एक दोर बांधलेला होता. तो धरून पुढं पुढं सरकायचं, म्हणजे खोल जाता येतं, असं मास्तरनं सांगितलं होतं. दोर किनाऱ्याच्या दिशेनं जात होता. म्हणजे समुद्राच्या पोटात शिरण्याच्या उत्साहात आम्ही तिघं वाळूवरून किनाऱ्याकडे रांगत होतो.

जावईबापूंनी पहिल्याच खडकाला दोन्ही हातांनी मिठी मारली. मास्तरनं ओढून बघितलं, खडक हलला असता पण जावई हलले नाहीत. पुढची अर्धी सफर त्यांनी तिथंच केली.

दोर संपला त्या ठिकाणी, अकरा वाजून पाच मिनिटांनी, मी उभा राहिलो. डोकं पाण्याच्या बाहेर आलं. समोर पन्नास पावलांवर रिसॉर्टची धुलाईची खोली, दोरीवर पांढऱ्या चादरी, आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी बसून एक आचारी कांदे सोलत होता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हात हलवला. मीही हलवला. त्याला काहीच नवल वाटलं नाही.

पाणी माझ्या काखेला लागत होतं. माझी काखेपर्यंतची उंची चार फूट दोन इंच आहे. हे माप मला पाठ आहे, कारण नोकरीत ओढे-नाले मी याच मापानं ओलांडले. तेव्हा खोली चार फूट दोन इंच. चौतीस वर्षांत माझं एकही माप कोणी खोडून दाखवलेलं नाही.

साहेबांनी विचारलं की, उभे राहिलात, फसवणूक कळली, तर मग तुम्ही केलंत काय? त्यावर सांगतो की, मी परत खाली बसलो.

का बसलात, असं विचारलं. त्यावर सांगतो की, उभं असताना मी खाली बघितलं. पाणी स्वच्छ होतं. माझी पत्नी वाळूवर गुडघे टेकून बसली होती. पिवळ्या पट्ट्यांचे चार-पाच मासे तिच्या हाताभोवती फिरत होते, आणि ती एक बोट पुढं करून अगदी स्थिर बसली होती, बाळाला घास भरवताना बसायची तशी. काचेआड तिचे डोळे उघडे होते. टक्क उघडे. तांब्याभर पाण्याला मिटणारे डोळे. मला फार आनंद झाला. तिला वाटत होतं की ती समुद्राच्या तळाशी आहे, आणि मी तिच्या शेजारी ताठ उभा राहून तिला चार फुटांवर आणणार, एवढा मी कोरडा माणूस नाही. म्हणून बसलो. नंतर वीस मिनिटं बसूनच होतो. गुडघे अजून दुखतात.

तिथं पाण्याखाली एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची आहे. ज्यांचे पाय लटपटतात त्यांच्यासाठी मास्तरनं ती ठेवलेली असावी. पत्नी त्या खुर्चीवर बसली तेव्हा तिच्या डोक्यावर तीन इंच पाणी राहिलं. मास्तरनं फोटो काढला. शेवटी जावईबापूंना खडकापासून सोडवून आणून तिच्या मागं उभं, म्हणजे गुडघ्यावर उभं केलं आणि आणखी एक काढला. दुपारी तो फोटो जावईबापूंनी घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, “बारा मीटर खोल. बुडालेल्या जहाजावरची खुर्ची.” प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन बुडालेलं जहाज कोणतं, हे मी विचारलं नाही.

ते त्यांच्या थोरल्या भावानं विचारलं. त्यानं फोटो मोठा करून बघितला, तर खुर्चीच्या पाठीवर रिसॉर्टचं नाव आणि “धुलाई विभाग” असं छापलेलं होतं. मग ग्रुपवर काय काय आलं ते मी इथं सांगत नाही, त्यात सुनांसमोर न वाचण्यासारखं बरंच आहे. जावईबापूंचं नाक कापलं गेलं. तेव्हापासून ते मास्तरला पाण्यात बघतात. आज सकाळी त्यांनी ठाण्यात येऊन तक्रार दिली की, खोल नेतो म्हणून सांगून कुटुंबाची फसवणूक केली, सबब मास्तरचा परवाना रद्द व्हावा. पुरावा म्हणून मला आणलं. म्हणाले, “बाबा, तुम्ही फक्त माप सांगा. तुमच्या मापापुढं कोणाचं काही चालणार नाही.”

मास्तर पलीकडच्या खोलीत सकाळी दहापासून बसून आहे. साहेबांनी मला सांगितलं की, त्याला चार वेळा विचारलं, उथळ का नेलंस? तो प्रत्येक वेळी एकच सांगतो, “शब्द दिलाय साहेब, बोलता येत नाही.” असंच गप्प राहिला तर परवाना आजच जमा होईल. त्याला दुसरं काही काम येत नाही, हे त्यानं मला बोटीत सांगितलं होतं, पण तक्रार म्हणून नाही, गंमत म्हणून.

म्हणून सांगतो की, फसवणूक झालेली नाही. मास्तरनं जे केलं ते माझ्या सांगण्यावरून केलं. दोषी कोणी असेल तर मी आहे. चौतीस वर्षं लोकांनी मला चहा पाजला, हातापाया पडले, धमक्या दिल्या, तरी बांध वीतभर इकडचा तिकडं मी कधी केला नाही. पहिल्यांदाच खोटं माप मागितलं ते बायकोसाठी, आणि ते मला मिळालं. मास्तरबद्दल माझी काहीही तक्रार नाही. या सफरीत जिवाला धोका किती होता असं साहेबांनी मला विचारलं असता, चार फूट दोन इंचांचा, एवढंच मी सांगू शकतो.

जावईबापू हा जबाब ऐकायला हजर नाहीत. रिसॉर्टवरचं जेवण तीनला बंद होतं म्हणून ते अडीच वाजता परतले. माझी पत्नी माझ्यासोबत आली असून बाहेरच्या बाकावर, थंड पाण्याच्या मशीनशेजारी बसली आहे. ती त्या ग्रुपवर नाही, आणि तक्रार कशाची हेही तिला कोणी सांगितलेलं नाही; तेव्हा हा मजकूर तिच्या कानावर जाऊ नये, एवढी माझी विनंती आहे. झाकली मूठ झाकलेली बरी. तिला बारा मीटर वाटतंय तर वाटू द्यावं.

येथवर लिहून झाल्यावर जबाब मी स्वतः वाचतो म्हणालो, पण चष्मा खोलीवर राहिलेला निघाला. तेव्हा हवालदारबाईंनी वाचून दाखवायला घेतला. माझ्या डाव्या कानात कालचं पाणी अजून आहे, त्यामुळे मला ऐकू येईना. बाईंनी आवाज चढवला. बाईंचा आवाज रस्त्यावरची वाहनं थांबवायला ठीक आहे. जबाब संपेपर्यंत माझी पत्नी दारात येऊन उभी होती.

ती म्हणाली, “अहो, माप चुकलंय.”

मी म्हणालो, “कुठलं?”

“चार फूट दोन इंच. मी उभी राहिले तेव्हा पाणी हनुवटीच्या खाली बोटभर होतं.”

तिची हनुवटी बरोबर माझ्या काखेच्या उंचीला येते, हे सेहेचाळीस वर्षांचं माप आहे. बोटभर म्हणजे पाऊण इंच. भरती चालू होती, ती मी हिशेबात धरली नव्हती. म्हणजे ती दोराच्या टोकाशी माझ्या आधी, साधारण पाव तास आधी, पोहोचून उभी राहिली होती. कांदे सोलणाऱ्यानं तिलाही हात केला होता, असं ती म्हणते.

मी तिला विचारलं, मग परत खाली का बसलीस? ती म्हणाली, “तुम्ही वाळूत तोंड घालून कासवासारखे चालला होतात. इतके खूश दिसलात. कशाला उठवू?” आणि पुढं म्हणाली की, परवा दुपारी पावणेपाचला, म्हणजे माझ्या आधी पंचावन्न मिनिटं, ती एकटी शेडमध्ये जाऊन मास्तरला सांगून आली होती, “यांना खोल नेऊ नका, पण कळू देऊ नका. यांना दम लागतो. दोन जिन्यांत दोनदा थांबतात आणि पायऱ्या मोजल्याचं सोंग करतात.”

मास्तर का हसला होता ते मला या वेळी कळलं. पलीकडच्या खोलीतून त्याचं हसणं पुन्हा ऐकू आलं. डाव्या कानानंही आलं.

सबब दोन दुरुस्त्या करून घ्याव्यात. पत्नीच्या तोंडात तीळ भिजत नाही, ही माहिती चुकीची होती, ती खोडावी. आणि खोली चार फूट सव्वा इंच लिहावी, कारण पहिलं माप तिचं आहे.

एवढ्या दुरुस्त्यांसह हा जबाब दोघांसमोर पुन्हा एकदा, बेतानं वाचून दाखवला, तो आम्हाला मान्य आहे. खाली माझी सही. तिनं आग्रहानं केलेली तिची सही माझ्या सहीच्या वर आहे.