बायलरचं ऊन पाणी

कोळशाचा विषय निघालाय म्हणून सांगतो. लढाईच्या दिवसांत आंबीजवळच्या कागदाच्या गिरणीत मी बायलरवर होतो. कोळसा मिळेना, मालकांना चैन पडेना. कागद वाळवून झाला की वाफेचं ऊन पाणी ओढ्याला जायचं. तेच परत बायलरात घेतलं तर कोळसा कमी लागेल, असं त्यांनी ठरवलं. पण ऐन थंडीत सगळं गाव त्याच पाण्यानं अंघोळ करायचं. आम्ही नळ जोडायला गेलो, तर बाया हंडे घेऊन आडव्या बसलेल्या, सगळ्यांच्या पुढं सखूमावशी.

मालक नुसते येरझाऱ्या घालत होते. "मावशी, उठा हो! कोळसा वाचला नाही तर गिरणी बंद पडेल. तुमचीच पोरं घरी बसतील."

सखूमावशी म्हणाली, "मंग आदी तुमी गार पान्यानं आंगूळ करून दावा."

मालकांनी सदरा काढला आणि ओढ्याच्या वरच्या अंगाच्या गार पाण्याची घागर डोक्यावर ओतली. दात असे वाजायला लागले की तोंडातून शब्द फुटेना. मावशी घाबरून उठली, मागोमाग बाया उठल्या, नळाला वाट मोकळी झाली. तिनं मालकांना धरून बायलरपुढं बसवलं आणि माझ्यावर ओरडली, "आरं, बघतोस काय? घाल की चांगला चार फावडी कोळसा जास्त!"