पूजेत सुटलेली वायर

मला अंगणवाडी कशी मिळाली, ते सांगते. कडेवर तान्ही पोरगी, अन् कामावर हजर व्हायचा शेवटचा दिवस. परभणीच्या ऑफिसात नेमणुकीचा कागद प्रिंटरमधून निघंना.

क्लार्क म्हणाले, "मशीन बिघडलं बाई. उद्या या."

मी काही तिथून हलले नाही. तेवढ्यात झाडणाऱ्या सखुबाई म्हणाल्या, "सायेब, खंडेनवमीला पूजेसाठी मशीन पाटावर घेतलं, तवा वायर काढली. परत जोडली का?"

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मशीनचं न्हाई कळत. पण पूजेची फुलं मीच झाडली. वायर तवापासून लोंबायलीय."

क्लार्कनी खाली वाकून वायर जोडली. प्रिंटर असा करकरला, की पोरगी दचकून रडली, अन् मीबी.

आता दर खंडेनवमीला अंगणवाडीत पोरांच्या पाट्यांची पूजा करते. पहिलं फूल मात्र सखुबाईंच्या नावानं झाडूला वाहते.