अर्धा बाक

(बाग. बाकाच्या मधोमध लोखंडी दांडा. दांड्याच्या अलीकडे ताई, पलीकडे तिचा धाकटा भाऊ.)

ताई : तू घर सोडलंस ते तुझ्या भाचीचं लग्न झालं तेच साल. मुलगी एकदाच दिली मी, साल कसं विसरेन?

धाकटा : मला वाटलं त्याच्या आदलं.

ताई : आदल्या साली तुझं शिवणाचं दुकान बसलं आणि तू आमच्याकडे आलास. पुढच्या साली भाचीचं लग्न. लग्नाच्या आदल्या रात्री तू उशी काखेत मारून बाहेर पडलास, तो इथं या बागेत. सरळ तर आहे.

धाकटा : तू सांगितलंस की सगळं सरळच होतं. इस्त्री मारल्यासारखं.

ताई : बोलण्यात गुंतवू नकोस. मी तुला घरी न्यायला आलेय. न नेता उठणार नाही.

धाकटा : मग बस. हा अर्धा भाग तुझाच आहे. दांड्याने वाटणी केलीय, भांडायला जागाच ठेवली नाही.

ताई : एका रात्रीसाठी जातो म्हणाला होतास.

धाकटा : एका रात्रीसाठीच आलो होतो, ताई. घरात पाहुणे किती! जिथं पाय टाकावा तिथं कुणाचं तरी डोकं. म्हटलं, आपण घरचेच, आपण सरकावं.

ताई : सरकलास तो सरकलासच. इकडे नात पालथी पडायला लागली माझी.

धाकटा : मुलगी झाली होय? कुणासारखी आहे?

ताई : नाक तुझ्यावर गेलंय बिचारीचं.

धाकटा : असू दे. वाढत्या अंगाला माप थोडं मोठंच ठेवावं.

ताई : हसतोस काय! दाढी बघ. सदरा बघ. शिंप्याच्या सदऱ्याला दोन गुंड्या नाहीत.

धाकटा : एक आहे. गळ्याची. वारा तिथूनच शिरतो. बाकीच्या शोभेच्या असतात. आई कशी आहे?

ताई : तुझे दाजी फाटकाशी उभे आहेत. आत यायला धजत नाहीत.

धाकटा : का? बागेला तिकीट लागलं?

ताई : तुला तोंड कसं दाखवू म्हणतात.

रखवालदार : ओ मास्तर, जागे आहात ना?

धाकटा : जागा आहे. बहीण बोलतेय आणि झोप लागेल, एवढं कुठलं नशीब.

रखवालदार : आलात ताई? म्हटलं होतं ना, मास्तर पुन्हा दिसले की पहिला फोन तुम्हाला.

धाकटा : अस्सं. म्हणजे फितुरी तुमची.

रखवालदार : फितुरी कसली? सहा महिने या माउली दर आठवड्याला येऊन विचारायच्या. मला माझ्या सख्ख्या बहिणीने एवढं विचारलं नाही कधी. बसा, बसा. बसायला बंदी नाही.

ताई : मग बंदी कशाला आहे?

रखवालदार : आडवं व्हायला. पूर्वी मी काठी घेऊन फिरायचो, उठा उठा करत; मास्तरांच्या बाकाकडे तेवढी पाठ करायचो. आता हे दांडे आले, कुणी आडवं होतच नाही. मग मी माना बघतो.

ताई : माना?

रखवालदार : डोळे मिटले तर माझं काही म्हणणं नाही. देवाचं नाव घेत असेल माणूस. पण मान पडली की उठवायचं. वरून तसं सांगणं आहे.

धाकटा : सगळीकडे हेच. म्हणून मी मान ताठ ठेवून झोपायला शिकलो. राजासारखा.

रखवालदार : चांगला माणूस आहे हो तुमचा भाऊ. माझ्या खाकी कपड्याला ठिगळ लावलं तर मलाच सापडेना. न्या घरी. पण जबरदस्ती नको. चालू द्या तुमचं, मी कारंज्याकडे आहे.

ताई : ऐकलंस? परकं माणूस म्हणतंय, घरी न्या.

धाकटा : परक्याला म्हणायला काय जातं. त्याने ती जागा कुठं बघितलीय?

ताई : कुठली जागा?

धाकटा : माझी. स्वयंपाकघरातली. ओटा आणि कपाट यांच्या मधली. डोकं दाराशी, पाय पोटाशी. पाय लांब केले की पिठाच्या डब्याला लागायचे. डबा वाजायचा. डबा वाजला की आतून दाजी खाकरायचे.

ताई : अरे, त्यांना खोकला होता.

धाकटा : डबा वाजला की येणारा खोकला.

ताई : मनाला लावून घ्यायची खोड तुझी लहानपणापासूनची.

धाकटा : मनाला नाही गं, गुडघ्यांना लागायचं. दाजींना बोल लावत नाही मी. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पाच माणसं, आणि त्यात हा घोडा मेव्हणा. त्यांनी कधी वावगा शब्द काढला नाही. पण मीच निजल्या निजल्या हिशेब करायचो, आता कूस वळलो तर डबा वाजेल का. वर्षभर मी झोपलो नाही, ताई. घडी होऊन पडून राहिलो.

ताई : सांगायचंस की.

धाकटा : काय सांगू? भिंत सरकवा म्हणून? पहिल्या रात्री इथं आलो, या बाकावर पाठ टेकली आणि पाय सोडले. सोडत गेलो, सोडत गेलो, कशालाच लागेनात! गुडघ्यातून कट् आवाज आला. हसू फुटलं मला. एवढा मोठा झालो होतो आणि आपली लांबी किती ते विसरलो होतो.

ताई : आणि आम्ही तिकडे शोधत होतो, लग्नाच्या सकाळी. मांडवात मामा कुठाय, मामा कुठाय.

धाकटा : आलो होतो ना वेळेवर. अक्षता टाकल्या.

ताई : टाकल्यास आणि मागच्या मागे पसार. जेवलाही नाहीस.

धाकटा : दुसऱ्या रात्री परत यायचंच ठरवलं होतं. मग वाटलं, अजून एक रात्र. नुसतं आडवं होणं इतकं गोड असतं हे कुणाला सांगून खरं वाटत नाही. पोटभर जेवलेल्याला भूक सांगावी तसं ते.

ताई : थंडीत काय गोड होतं त्यात?

धाकटा : थंडी होती. डास होते. एकदा कुणीतरी चपला नेल्या. पण पाय सरळ होते.

ताई : मी डबा घेऊन यायचे तेव्हा बरा दिसायचास, हे खरं. मी दाजींना म्हणायचे सुद्धा, बाकावर निजतोय पण तोंडावर तेज आलंय मेल्याच्या. आणि तुझ्या गाठोड्यापाशी डबा ठेवला की मला घरी बरं वाटायचं. कुठं आहे हे तरी ठाऊक होतं.

धाकटा : मग हे दांडे आले.

ताई : हं.

धाकटा : एका चादरीचे दोन टॉवेल करावेत तसं झालं. चादरही गेली, आणि टॉवेल काय पांघरायचे?

ताई : मग गेलास कुठं इतके दिवस? मी कुठं कुठं शोधलं नाही.

धाकटा : आधी बसस्थानकात. तिथं वाटीसारख्या खुर्च्या केल्यात, माणूस त्यात भाजीसारखा बसतो. मग बाजारामागे पोत्यांवर. पोती उचलून नेली. मग नव्या पुलाखाली गेलो, तर तिथं टोकदार दगड पेरलेत, पीक यायचं असल्यासारखे. सगळं शहर एकाच शिंप्याने बेतलंय, ताई. कुठंही माणूस लांबीत मावू नये असं माप.

ताई : आणि घर नाही आठवलं?

धाकटा : रोज आठवलं.

ताई : मग का नाही आलास?

धाकटा : मला वाटलं, तुम्हाला लाज वाटते माझी.

ताई : कुणी सांगितलं?

धाकटा : कुणी कशाला सांगायला हवं? दांडा बसवायला दाजीच आले होते.

ताई : तू पाहिलंस?

धाकटा : मी नळावर तोंड धूत होतो. त्यांच्या लोखंडकामाच्या कारखान्याची गाडी आली. अख्खी बाग सोडून पहिला हात माझ्या बाकाला. माझं गाठोडं उचलून झाडाखाली ठेवलं, वाऱ्याने उलगडू नये म्हणून वर वीट ठेवली. मग थोडा वेळ बाकावर नुसतेच बसले. मग उठून भोकं पाडायला लागले.

ताई : आणि तू काही बोलला नाहीस!

धाकटा : काय बोलणार? म्हटलं, बरोबर आहे. येता-जाता लोक म्हणत असतील, तो बघा फॅब्रिकेशनवाल्यांचा मेव्हणा, बाकावर लोळतोय. घरच्यांनीच जा म्हटल्यावर माणसाने थांबू नये. ते दुसऱ्या बाकाकडे वळले तसं मी गाठोडं घेतलं आणि मागच्या फाटकाने निघालो. वीट जागेवर ठेवली.

ताई : अरे देवा.

धाकटा : रडतेस काय?

ताई : मी सांगितलं होतं त्यांना.

धाकटा : काय?

ताई : दांड्यांचं काम त्यांच्या कारखान्याला आलं. पन्नास-साठ बाक. हे म्हणाले, मी नाही करणार, माझ्या हाताने मेव्हण्याचं अंथरूण कसं काढू? दोन दिवस जेवले नाहीत धड. मीच म्हटलं, करा. आणि आधी त्याच बागेतला करा, त्याचाच बाक करा. तिथं आडवं होता येईना की कंटाळेल आणि येईल घरी. जाणार कुठं?

धाकटा : म्हणजे मला घरी आणायला?

ताई : मग काय हाकलायला? मी त्या दिवशी तुझं अंथरूण उन्हात टाकलं होतं. पिठाचा डबा माळ्यावर चढवला होता. संध्याकाळी दार उघडं ठेवून बसले. हे आले, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, आला? मी म्हटलं, येईल. दुसऱ्या दिवशी आले, विचारलं, आला? मग विचारायचे बंद झाले.

धाकटा : ताई, झाड तोडून कधी पाखरू घरात येतं का गं?

ताई : अक्कल नाही मला. मला वाटलं येतं.

धाकटा : आणि मीही शहाणा. एका शब्दाने विचारलं असतं तर.

ताई : चल आता. झालं गेलं मिटवून टाक. दाजींना हाक मारू?

धाकटा : थांब. त्यांनाही बरं नाही वाटणार आणि मलाही. जागा तर तेवढीच आहे ना? तीच ओट्याजवळची.

ताई : नाही. आता जागा आहे. भाची सासरी गेली, आतली खोली आम्हा दोघांना. बाहेरच्या खोलीत खाट आहे. तुझे पाय पुरतील.

धाकटा : खाट घेतलीत नवी?

ताई : तू आधी ऊठ तर. वाटेत बोलू.

धाकटा : नवी खाट कशाला घेतलीत? बाहेरची खोली ती केवढी. आईची खाट आणि ही खाट, मग चालायचं कुठून? मी आल्याने पुन्हा तेच. कुणाचा पाय कुणाला लागेल, आई रात्री उठली तर अडखळेल.

ताई : नाही अडखळणार.

धाकटा : तिला दिसत नाही गं नीट संध्याकाळनंतर. अजून रागावलीय का माझ्यावर?

ताई : कधीच नव्हती रागावली. तू गेलास त्या दिवसापासून अर्ध्या खाटेवर निजायला लागली. भिंतीला चिकटून. मी म्हणायचे, आई, नीट मध्ये सरक, पाठ दुखेल. तर म्हणाली, उंच आहे तो, त्याला अर्धी तरी लागेलच.

धाकटा : असं म्हणाली?

ताई : मी डबा देऊन परत गेले की एकच विचारायची. जेवला का, नाही. बरा आहे का, नाही. पाय पुरतात का त्याचे, एवढंच.

धाकटा : मग तू काय सांगायचीस?

ताई : पुरतात म्हणायचे. पुरत होते ना.

धाकटा : येतो मी.

ताई : येतोस?

धाकटा : आईसाठी येतो. पण तुमच्या त्या खाटेवर नाही निजणार. तिच्या उशाशी भिंतीला टेकून बसेन. बसून झोपायची सवय झालीय मला, काही अडणार नाही. फक्त तिला सांग, आता भिंतीला चिकटू नकोस, अंग पसरून नीज. मी आलोय म्हणावं. कशी आहे ती? मघापासून विचारतोय, तू काही बोलत नाहीस. ताई?

ताई : नवी खाट नाही घेतली रे आम्ही. एकच खाट आहे घरात.

धाकटा : मग आई कुठं निजते?

ताई : घरी नेऊन सांगणार होते. दाजीही म्हणाले, आधी घरी आण, जेवू घाल, मग सांग. मला नाही जमत. हात दे इकडे. असा दांड्यावरून दे.

धाकटा : ताई.

ताई : आई गेली. दांडे बसवले त्याच्या पुढच्या महिन्यात, बावीस तारखेला, बुधवारी सकाळी.