आईच्या नावाचा केसपेपर

मनाच्या डॉक्टरांकडे माझा नंबर अजून लांब होता. मागच्या बाकावर एक आई आणि तिची लग्नाची मुलगी कुजबुजत होत्या.

"आई, आज मी जाते ना आत."

"गप बस. केसपेपर माझ्या नावावर आहे. उद्या स्थळाच्या कानावर गेलं म्हणजे?"

"पण दुखणं माझं आहे."

"मी सांगते की सगळं नीट! तीन महिने सांगतेय. गोळ्या तुलाच आणून देते ना?"

"काय सांगतेस?"

"हेच. पहाटेच जाग येते, घास घशाखाली उतरत नाही, भांडी घासता घासता रडू फुटतं."

"मला कुठे रडू येतं, आई? मला काहीच वाटत नाही. ना रडू, ना हसू. आणि भांडी तर तू घासतेस."

मागे आईच्या पिशवीची चेन उघडली, पुन्हा लागली. मग मुलीनेच विचारलं,

"डॉक्टर काय म्हणतात मग?"

"काही नाही गं. पेन खाली ठेवतात आणि ऐकत बसतात. घड्याळाकडेसुद्धा बघत नाहीत."

"नुसतं ऐकतात?"

"हो. महिनाभर मी त्या दिवसाची वाट बघते."

"मलाही हवंय गं ते. एकदा तरी."

आतून आईच्या नावाचा पुकारा झाला. दोघीही उठल्या नाहीत.

"आई, तुझं नाव."

"थांबू देत. चल, आधी खिडकीवर जाऊ. अजून एक केसपेपर काढू."

"कुणाच्या नावावर?"

"हळू बोल. तुझ्या. माझा तर आहेच."