टिकलीएवढं चामडं

…आणि वर लोक म्हणतात काय, तर "चामड्याचा तुकडा लाकडाला चिकटवायचा, त्यात काय एवढं?" म्हणा, म्हणा! बोलणाऱ्याच्या बापाचं काय जातंय? आमच्या सिद्धलिंगअप्पांना विचारलं असतं म्हणजे कळलं असतं. अप्पा आता न्हायत, म्हणून तुम्हाला मी सांगतो. शेजार होता आमचा, भिंतीला भिंत, त्यांच्या घरात भांडं पडलं तरी आमच्या घरात कळायचं कुठलं पडलं ते.

निजामाची अमदानी बघा. गावाचं नाव सरकारी कागदावर उस्मानाबाद, माणसाच्या तोंडी धाराशिव. तिकडं लढाई पेटलेली, इकडं साखर न्हाय, घासलेट न्हाय, विलायती माल तर औषधालाही न्हाय… पण साहेब लोकांचा क्लब चालू! जग जळू द्या हो, संध्याकाळ झाली की तालुकदार साहेब बिलियर्ड खेळणार म्हणजे खेळणार. तालुकदार म्हणजे आताचे कलेक्टर. हे एवढं मोठं टेबल, त्यावर हिरव्या लोकरी कापडाची बनात, गुळगुळीत चेंडू, आणि हातात लांब काठी. साहेब तिला क्यू म्हणायचे, अप्पा काठीच म्हणायचे. तर त्या काठीच्या टोकाला असतं एक चामडं. किती? बाईच्या कपाळावरच्या टिकलीएवढं! चेंडूला धक्का द्यायचा तो त्या चामड्यानं. ते निघालं की ती काठी आणि धुणं वाळत घालायची काठी, काही फरक न्हाय. टिकलीएवढं चामडं हो! पण तेवढ्यावर अख्खा जिल्हा अडून बसायचा.

आता अप्पा कोण? कचेरीचे कारकून, पण क्लबवर लावलेले. वर्तमानपत्राच्या घड्या घालायच्या, चहा कुणाकुणाचा झाला ते बघायचं, साहेब हसले की आपण थोडं कमी हसायचं. काठ्यांचं काम त्यांचं न्हवंच मुळी! ते काम बाबामियाँचं. म्हातारा, पांढरी दाढी, हात असा हलका की चामडं बसवलं तर वर्षभर हू की चू न्हाय. पण बाबामियाँची लेक कुलसुमबी गुलबर्ग्याला बाळंतीण झाली आणि बाबामियाँ निघाले नातवाचं तोंड बघायला. जाताना चामड्यांची डबी अप्पांच्या हातात दिली आणि म्हणाले, "देखो अप्पा, सरेस गरम लगाओ, पतला लगाओ, दबाके रक्खो, और फिर हात लगाना नक्को. समझे? हात लगाना नक्को!"

"हौ हौ," म्हणाले अप्पा. नुसतं हौ म्हणायला काय जातंय?

आता सरेस म्हणजे काय ते अप्पांना ठाऊक होतं. सरेस म्हणजे सरस, हाडकं आणि कातडी शिजवून केलेला. आणि अप्पांचं घर कसं? गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, पूजेशिवाय तोंडात पाण्याचा थेंब न्हाय. अप्पा एकवेळ चालवून घेतील, पण गंगम्मा? शिवा शिवा! गंगम्माकाकू म्हणजे अप्पांची बायको. अप्पांनी नुसतं विचारलं, "चुलीवर जरा वाटीभर सरस ऊन करून देतीस का?" तर काकूंनी हातातली पळी खाली ठेवली.

"हाडकाचं कालवण? माझ्या चुलीवर?"

"अगं, चप्पल घालतो की आपण! चामडंच असतंय ना ते?"

"चप्पल पायात असती, चुलीवर न्हाय!"

आता बोला! ह्याच्यावर हायकोर्टात तरी उत्तर हाय का?

मग अप्पांनी आपली अक्कल चालवली. बाभळीचा डिंक! कागद चिकटतो, चामडं का न्हाय चिकटणार? चिकटलं हो… चांगलं चिकटलं… साहेबांनी काठीला खडू लावला, वाकले, एक डोळा मिटला, ठोका दिला, आणि चेंडू राहिला जागेवर, चामडंच उडालं! उडालं ते गेलं थेट डॉक्टरसाहेबांच्या चहाच्या कपात. डॉक्टरसाहेब चष्मा लावून कपात बघतात, साहेब काठीकडं बघतात, आणि सगळे मिळून अप्पांकडं बघतात. "ये क्या है, सिद्धलिंग?" अप्पा म्हणाले, "हुजूर, टोपण." चमच्यानं काढलं, धुतलं, पुसून डबीत ठेवलं. डबीत होती ती मोजकीच, नवीन आणणार कुठून? लढाई चालू हाय ना! टिकलीएवढं चामडं, पण मुंबईत मिळंना.

मग कुणीतरी म्हणालं, ज्ञानोबा सुताराला बोलवा. बोलावला. ज्ञानोबा लई हुशार, बैलगाडीच्या चाकात त्याचा हात कुणी धरायचा न्हाय. त्यानं काठी उलटी सुलटी केली, म्हणाला, "एवढंच व्हय?" आणि काय केलं असंल? खिळा मारला! चामड्याच्या मधोमध! "आता सात पिढ्या निघायचं न्हाय," म्हणाला. अहो, तो खिळा त्या हिरव्या बनातीवरनं फिरला असता तर अप्पांच्या सात पिढ्या निघाल्या असत्या! नशीब, साहेबांनी आधी बोटानं चाचपलं. बोटाला रक्त. तेव्हापासनं हुकूम सुटला, सुतारानं काठ्यांच्या खोलीत पाऊल टाकायचं न्हाय, सिद्धलिंग स्वतः करंल.

बाबामियाँ तिकडं नातवातच रमले, परतायचं नाव न्हाय, आणि त्यातच बातमी आली, सुभेदार साहेब दौऱ्यावर येणार. सुभेदार म्हणजे साहेबांचेही साहेब, आणि बिलियर्डचे असे शौकीन की आधी टेबल बघणार, मग दप्तर. तालुकदार साहेबांनी अप्पांना बोलावलं. "सिद्धलिंग, एक बी टोपी उडी तो हमारी टोपी उडी, समझो. काम अच्छा हुआ तो माँगो, जो माँगना है."

आता अप्पांना काय मागायचं होतं? बढती? छे! अप्पांना पाहिजे होतं उमरगा.

तुम्हाला हसू येईल. उमरगा म्हणजे काय काशी हाय का? पण गंगम्माकाकूंचं माहेर तिथलं. कानडी मुलूख लागूनच, आई नागम्मा तिथं, बहिणी तिथं. आणि इथं धाराशिवात काकूंशी कानडीत बोलायला कुणी न्हाय. मराठी यायची की, पण भांडणापुरती. सुखदुःखाचं सगळं कानडीत. मग बाई बोलणार कुणाशी? म्हशीशी! खरं सांगतो, त्या म्हशीला "ये ये" म्हटलं तर ती ढिम्म, "बा बा" म्हटलं की मान हलवत हजर. गल्लीतली पोरं हसायची. अप्पा न्हायत हसले. अप्पांचा लई जीव होता बायकोवर. ती दिवसेंदिवस गप होत चालली, हे त्यांना दिसायचं, आणि दिसलं की जेवण जायचं न्हाय. उमरग्याच्या कचेरीत बदली, बस्स, एवढंच त्या माणसाचं मागणं. आणि ते अडलं होतं कशावर? टिकलीएवढ्या चामड्यावर!

अप्पांनी विचार केला, डिंक कच्चा, खिळा बंद, सरस चुलीवर चालत न्हाय. मग पक्कं काय? आणि डोक्यात उजेड पडला. नळदुर्गाचा किल्ला! तोफा पचवून उभा हाय, कशावर? तर चुन्यात गूळ घातलाय, असं सगळं गाव सांगतंय! चुना शुद्ध, गूळ शुद्ध, काकू खूष. मळला गूळ-चुना, लावला, दाबला, उन्हात ठेवला. आणि बसलं की हो! दगड! अप्पांनी सगळ्या काठ्या घडवंचीला टेकून उभ्या केल्या आणि छाती काढून घरी आले.

दुसऱ्या दिवशी साहेब सरावाला. काठी उचलली, वाकले… आणि वाकलेलेच राहिले. मग एकदम शेरवानीची बाही झाडायला लागले. मग मान. मग अशा ठिकाणी खाजवायला लागले की बायाबापड्यांसमोर सांगता येत न्हाय. मुंग्या! घडवंचीपासनं काठीच्या शेंड्यापर्यंत वारी लागलेली मुंग्यांची, गुळाचा प्रसाद घ्यायला! चामड्याच्या कडा कुरतडलेल्या. "सिद्धलिंग! ये छडी है या मिठाई?" आता किल्ल्याला मुंग्या का लागल्या न्हायत, हे विचारायला अप्पा जाणार कुणाकडं?

सुभेदारांची स्वारी उद्यावर आलेली. अप्पा सगळ्या काठ्या बगलेत मारून घरी आले, भिंतीला पाठ लावून बसले, आणि काकूंना म्हणाले, "उमरगं गेलं बघ." आमच्या घरात ऐकू आलं. मग शेगडीचा आवाज आला. जुनी, फुटकी शेगडी काकूंनी उचलली, परसात नेली, म्हशीच्या गोठ्याच्याही पलीकडं, आणि म्हणाल्या, "शिजवा तुमचं ते. वाटी घरात आणायची न्हाय, शेगडी उकिरड्यावर टाकायची, आणि आंघोळ केल्याशिवाय लिंगाला हात लावायचा न्हाय."

काय वास हो! सगळी गल्ली नाकाला पदर लावून. म्हशीनं चारा सोडला. काकू लांब उभ्या, तोंडानं शिवा शिवा, पण नजर काठीवर! अप्पांनी टोक घासून सपाट केलं, डबीतल्या उरलेल्या चामड्यांची पाठ खरवडली, सरस गरम लावला, पातळ लावला, काठी फरशीवर उलटी उभी करून वरनं दाबली. आणि काकू लांबनं, "दाबा! अजून दाबा! ढिलं राहिलं तर माझ्या आईचं तोंड दिसायचं न्हाय मला! घट्ट, घट्ट बसवा!" अप्पा घामाघूम. आणि नंतरचं खरं अवघड काम, हात लगाना नक्को! अप्पांचं बोट सारखं वळवळायचं, बसलं का बघू, जरासं बघू… काकूंनी शेवटी दारात बसून राखण केली. अप्पांची. काठ्यांची न्हाय.

आले सुभेदार. झाला खेळ. काय सांगू तुम्हाला, एक चामडं हललं असेल तर शपथ! सुभेदार साहेब असे जोरात ठोके देतायत, चेंडू टेबल सोडून पळतायत, पण चामडं? जागच्या जागी! सुभेदार जिंकले, तालुकदार साहेब शहाण्यासारखे हरले, सगळीकडं आनंद. तेवढ्यात सोडा देणाऱ्या बलभीमानं काय केलं, बाटली फोडली ती सुभेदारांच्या पाटलोणीवरच! भिजली की हो, नको तिथं! पण ते असू द्या. तालुकदार साहेबांनी अप्पांना पुढं बोलावलं. "बोलो, क्या माँगते?"

अप्पांनी हात जोडले. "हुजूर, उमरगा."

साहेब हसले. सुभेदारांना सांगितलं, तेही हसले. मग तालुकदार साहेब म्हणाले, "उमरगा? तुमकू? और ये छडियाँ कौन सँभालेगा? नक्को नक्को! ऐसा हुनरमंद आदमी हम जिंदगीभर नै छोडते!" पाठीवर थाप मारली, खांद्यावर शाल टाकली. आणि मग ओली पाटलोण झटकत सुभेदार म्हणाले, "ये सोडेवाला निकम्मा कौन है? इसकू निकालो यहाँ से, दूर भेजो कहीं!"

तालुकदार साहेब म्हणाले, "उमरगा."

बलभीमाचं घर, सासर, गोतावळा सगळा धाराशिवात. बैलगाडीत बसून जाताना धाय मोकलून रडला बिचारा. त्याला कानडीतलं 'बा' म्हणता येत न्हवतं.

अप्पा शाल घेऊन घरी आले. आम्ही भिंतीला कान लावून. अप्पांनी सगळं सांगितलं, अगदी हळू, थाप कशी मारली तेही सांगितलं. काकू ऐकत होत्या. मग काकू म्हणाल्या,

"एवढं घट्ट बसवायला तुम्हाला सांगितलं होतं कुणी?"

आता अप्पांच्या अगदी ओठावर आलं असणार हो… पण संसार केलेला माणूस. शालीची नीट घडी घातली आणि म्हणाले, "चुकलं माझं. पुढच्या खेपेला जरा ढिलं बसवतो."